काळजीचे पैसे कोणाच्या हातात?

इंग्लंडात म्हातारपणी किंवा अपंगत्व आल्यावर सरकार माणसाच्या हातात पैसे ठेवतं आणि ‘तुमची काळजी कशी घ्यायची ते तुम्हीच ठरवा’ असं सांगतं, हे खरं का? तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांकडून अशी अर्धवट माहिती कानावर आली की पाठोपाठ दोन प्रश्न येतात. किती पैसे देतात? आणि ते भलत्याच गोष्टीवर उडवले तर बघणारं कोण? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी विचारायला हवा असा तिसरा प्रश्न सहसा राहून जातो: हे पैसे नेमके कशाबद्दल मिळतात? या प्रकरणात जे सांगायचं आहे ते सगळं याच प्रश्नाभोवती फिरतं. ‘पर्सनल बजेट’ नावाच्या या व्यवस्थेत आधी माणसाची गरज ठरते आणि मग तिच्यावरून रकमेचा आकडा निघतो. हा क्रम पाळला तर माणसाला खरंच मोकळीक मिळते. तो उलटा झाला, म्हणजे आधी आकडा ठरला आणि गरज त्यात कोंबली, की तीच व्यवस्था खर्चकपातीचं हत्यार बनते.

1. शस्त्रक्रिया फुकट, आंघोळ मात्र नाही

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली. तिची ख्याती अशी की तिथे आजारपणाचा खर्च माणसावर पडतच नाही, असा आपला समज असतो. तो निम्माच खरा आहे. म्हातारपणी पडून खुबा मोडला तर शस्त्रक्रिया, रुग्णालयातला मुक्काम, डॉक्टर, परिचारिका यांचं काहीही बिल येत नाही. पण घरी परतल्यावर रोज आंघोळ घालायला, कपडे चढवायला, दुपारचं जेवण गरम करून पुढ्यात ठेवायला माणूस लागला, तर सुरुवातीचे काही आठवडे सोडता ती एनएचएसची जबाबदारी राहत नाही. हिला तिकडे ‘सोशल केअर’ म्हणतात. ती बघते स्थानिक कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या महापालिका किंवा जिल्हा परिषदेसारखी संस्था, आणि ती माणसाची मिळकत व शिल्लक पाहून त्याच्याकडून पैसे घेते. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाचे उपचार फुकट होतात, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या कुटुंबाला वर्षानुवर्षं सांभाळाचा खर्च सोसावा लागतो.

या दुसऱ्या खात्याचा आजचा पाया म्हणजे 2014 चा केअर ॲक्ट. तो एप्रिल 2015 पासून इंग्लंडात लागू आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत. या कायद्यानुसार कौन्सिल ज्या प्रौढ व्यक्तीची काळजीची गरज भागवणार आहे, तिला एक लेखी आकडा द्यावा लागतो: तुमची गरज भागवायला कौन्सिलला एकूण इतका खर्च येतो, त्यातला इतका तुम्ही भरायचा, उरलेला आम्ही. हेच पर्सनल बजेट. हा निवृत्तिवेतनासारखा भत्ता नाही. इंग्लंडात वृद्धांसाठी ‘अटेंडन्स अलाउन्स’ नावाचा वेगळा भत्ता आहे. त्याचे दोनच ठरावीक दर आहेत आणि ते पैसे कशावर खर्चले, हे कोणी विचारत नाही. पर्सनल बजेटची रक्कम मात्र माणसागणिक बदलते, आणि मान्य झालेल्या गरजांशी ती बांधलेली असते.

2. मागणी केली ती अपंगांनीच

कौन्सिलांनी आपण होऊन लोकांच्या हाती पैसा दिला, असं घडलेलं नाही. 1948 च्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टनुसार कौन्सिलला सेवा देता येत होत्या, पण अपंग व्यक्तीच्या हातात त्यासाठी रोख रक्कम देता येत नव्हती. परिणाम असा की ज्यांना चोवीस तास मदत लागे, त्यांच्यापुढे बहुधा एकच वाट असे: संस्थेत जाऊन राहणं. हॅम्पशरमधल्या ‘ल कोर्ट’ या संस्थेत अशीच शारीरिक अपंगत्व असलेली तरुण माणसं राहत होती. कधी उठायचं, कधी झोपायचं, काय खायचं, हे संस्थेच्या पाळ्यांवर ठरे. 1979 च्या सुमारास जॉन इव्हान्स आणि त्यांच्या काही सोबत्यांनी कौन्सिलांपुढे एक साधा हिशेब मांडला. आम्हाला इथे ठेवायला तुम्ही जो पैसा भरता, तोच आम्हाला द्या. आम्ही बाहेर घर घेऊ आणि मदतनीस आमचे आम्ही नेमू. 1981 हे संयुक्त राष्ट्रसंघाचं अपंग वर्ष होतं, म्हणून या प्रयत्नाला त्यांनी ‘प्रोजेक्ट 81’ असं नाव दिलं. रोख रक्कम थेट देणं कायद्यात बसत नव्हतं, तेव्हा पैसा कागदोपत्री संस्थेकडे जाई आणि तिथून या लोकांच्या हाती येई.

खानावळीचा डबा लावणं आणि तेवढ्याच पैशांत स्वतः किराणा भरणं यात जो फरक असतो, तोच इथे होता. डब्यात पोट भरतं. पण आज भाकरी हवी, उद्या उपास आहे, जेवायला रात्री दहाच वाजणार आहेत, या गोष्टींना तिथे जागा नसते. ‘ल कोर्ट’च्या रहिवाशांनी जास्त पैसे मागितले नव्हते. त्यांना हवा होता तो त्याच पैशांतून काय घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क. इथे क्रम लक्षात घ्यावा. गरज काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि तिच्यावर होणारा खर्चही माहीत होता. प्रश्न फक्त निर्णय कोणी घ्यायचा एवढाच होता.

पुढे कायदा सावकाश बदलत गेला. 1996 च्या कायद्याने, 1997 पासून, कौन्सिलांना अशी रोख रक्कम देण्याची मुभा मिळाली. तिला ‘डायरेक्ट पेमेंट’ म्हणू लागले. सुरुवातीला ती 65 वर्षांखालच्यांनाच मिळे. 2000 मध्ये वृद्धांनाही दार उघडलं. 2003 पासून, अटी पुऱ्या करणाऱ्याने मागितली तर ती देणं कौन्सिलांवर बंधनकारक झालं. 2009 मध्ये जे स्वतः निर्णय घेऊ शकत नाहीत, त्यांच्या वतीने योग्य व्यक्तीला ही रक्कम घेता येऊ लागली. आणि केअर ॲक्टने पर्सनल बजेट हा सर्वांसाठीचा नियम केला.

3. आधी गरज

कौन्सिलकडे पहिला अर्ज जातो तो पैशांचा नसतो, पाहणीचा असतो. सोशल वर्कर घरी येतो किंवा फोनवर बोलतो आणि रोजचा दिवस कसा जातो, ते विचारतो. कायद्याच्या नियमांत अशा दहा गोष्टींची यादी आहे: खाणंपिणं, स्वच्छता, शौचास जाणं, योग्य कपडे घालणं, घरात सुरक्षित वावरणं, घर राहण्याजोगं ठेवणं, नाती टिकवणं, नोकरी-शिक्षण-स्वयंसेवा, परिसरातल्या सोयी आणि वाहनं वापरणं, आणि मूल असेल तर त्याची जबाबदारी. आजारामुळे किंवा शारीरिक-मानसिक अपंगत्वामुळे यांतल्या दोन किंवा अधिक गोष्टी माणसाला जमत नसतील, आणि त्याचा त्याच्या एकूण स्वास्थ्यावर लक्षणीय परिणाम होत असेल, तर तो पात्र ठरतो. करता येतं पण त्यात बऱ्याच वेदना होतात, फार वेळ लागतो किंवा आरोग्याला वा सुरक्षिततेला धोका असतो, तर तेही ‘जमत नाही’ असंच धरलं जातं. नाती आणि परिसरातल्या सोयी वापरणं या गोष्टी आंघोळीच्या बरोबरीने कायद्यात आल्या आहेत, हे विशेष. देह जगवणं पुरेसं नाही, हे इथे कायद्याने मान्य केलं आहे.

पाहणी करताना घरच्यांची मदत बाजूला ठेवून गरज मोजायची, असाही दंडक आहे. मुलगी रोज येऊन आंघोळ घालते म्हणून आंघोळीची गरजच नाही, असं लिहिता येत नाही. ती मुलगी आपखुशीने हे करायला तयार असेल, तर तेवढ्या भागाचे पैसे कौन्सिल बजेटात धरत नाही. पण उद्या तिला जमेनासं झालं, तर गरज आधीच नोंदलेली असते आणि कौन्सिलला ती उचलावी लागते.

गरज शब्दांत कशी मांडली जाते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, हे दाखवणारा एक खटला प्रसिद्ध आहे. लंडनमधल्या केन्सिंग्टन आणि चेल्सी कौन्सिलच्या हद्दीत राहणाऱ्या, एकेकाळी बॅले नर्तिका असलेल्या एका बाईंना पक्षाघातानंतर रात्री अनेकदा लघवीला उठावं लागे. लघवीवर त्यांचा ताबा होता. उठून जायला फक्त आधार हवा होता. सुरुवातीला गरज ‘रात्री शौचालयात जायला मदत’ अशी लिहिली होती, म्हणजे रात्रपाळीची मदतनीस आली. पुढे कौन्सिलने ती ‘रात्री सुरक्षितपणे लघवी करता येणं’ अशी केली, आणि मग मोठ्या माणसांचे डायपर पुरेसे ठरले. वर्षाकाठी सुमारे 22 हजार पौंड वाचणार होते. 2011 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कौन्सिलची बाजू मान्य केली. 2014 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, नव्याने पाहणी न करताच मदत कमी केली त्या काळापुरता या बाईंच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाला, असं म्हटलं. पण पुढच्या काळासाठी कौन्सिलचाच निर्णय टिकला. एका वाक्यातले दोन-तीन शब्द बदलले आणि एका माणसाची रात्र बदलली. म्हणून या व्यवस्थेत जाणकार माणूस पौंडांवर भांडण्याआधी पाहणीच्या अहवालातल्या वाक्यांवर भांडतो.

4. मग आकडा

गरजा नोंदल्यावर त्यांची किंमत काढायची. बऱ्याच कौन्सिलांनी यासाठी गुणांची पद्धत आणली. प्रश्नावलीतल्या प्रत्येक उत्तराला गुण, आणि गुणांच्या बेरजेवरून पौंड. यातून जो आकडा निघतो तो ‘अंदाजे’ आकडा. त्याच्या आधारे माणूस, घरचे आणि सोशल वर्कर बसून काळजीचा आराखडा करतात: कोणत्या वेळी, कोण, काय करणार. आराखडा झाल्यावर त्याचा खरा खर्च बघून अंतिम बजेट ठरतं. कायद्याची अपेक्षा अशी की ही रक्कम गरजा भागवायला पुरेशी हवी आणि स्थानिक बाजारात प्रत्यक्ष जे दर आहेत, त्यांना धरून हवी.

गुणांचं कोष्टक वेगाने उत्तर देतं, म्हणून ते सोयीचं. आणि तेवढ्याच कारणाने धोक्याचंही. आंधळ्या आणि बहिऱ्या अशा एकाच माणसाची गरज ही आंधळ्याचे गुण अधिक बहिऱ्याचे गुण एवढी नसते. ती कितीतरी जास्त असते. कोष्टकाला हे कळत नाही. 2010 मध्ये अपील न्यायालयाने यावर नेमकं बोट ठेवलं. कोष्टक वापरणं बेकायदा नाही, पण तो फक्त सुरुवातीचा टप्पा आहे. शेवटी त्या माणसाची गरज त्या रकमेत भागते का हे पाहावं लागेल, आणि आकडा कसा काढला हे मागितल्यास समजावून सांगावं लागेल. माझ्या मते या व्यवस्थेची सगळ्यात मोठी देणगी हीच आहे. पूर्वी कौन्सिल ‘आठवड्यातून पाच दिवस मदतनीस येईल’ एवढंच सांगे. त्यामागे किती पैसे आहेत हे गुलदस्त्यात असे. आता आकडा कागदावर येतो. कागदावर आलेल्या आकड्याला आव्हान देता येतं.

5. स्वतःच्या खिशातून किती?

एक उदाहरण करून पाहू. लंडनच्या हॅरो भागात एकट्या राहणाऱ्या 79 वर्षांच्या मालतीबाई, असं समजू. व्यक्ती आणि तिचे आकडे कल्पित आहेत, नियम खरे आहेत. रोज सकाळी 1 तास आंघोळ व कपडे, रोज दुपारी अर्धा तास जेवण, म्हणजे आठवड्याचे साडेदहा तास. शिवाय आठवड्यातून एकदा मंडळात किंवा देवळात नेऊन आणायला 3 तास. एकूण साडेतेरा तास. संस्थेचा दर तासाला 24 पौंड धरला, तर बजेट होतं आठवड्याला 324 पौंड.

आता त्यातलं मालतीबाईंनी किती भरायचं? पहिली चाळणी शिलकीची. 23,250 पौंडांच्या वर शिल्लक असेल तर सगळा खर्च स्वतःचा. 14,250 च्या खाली असेल तर शिलकीला हात लावला जात नाही. मधल्या पट्ट्यात दर 250 पौंडांमागे आठवड्याला 1 पौंड उत्पन्न आहे असं धरतात. घरीच काळजी घेतली जात असेल तर राहत्या घराची किंमत यात मोजत नाहीत. कायमचं वृद्धाश्रमात जावं लागलं तर सहसा मोजतात, आणि घर विकावं लागण्याच्या गोष्टी ऐकू येतात त्या तिथल्या. मालतीबाईंकडे 17,000 पौंड आहेत. 14,250 च्या वर 2,750. म्हणजे आठवड्याला 11 पौंडांचं मानीव उत्पन्न. पेन्शन 255 पौंड. बेरीज 266. यातून जगण्यापुरती एक किमान रक्कम त्यांच्याकडे राहिलीच पाहिजे. ती सरकार दरवर्षी ठरवतं, इथे 230 धरू. उरले 36. अपंगत्वामुळे होणारा जास्तीचा खर्च, म्हणजे रोजचं कपडे धुणं, जादा हीटिंग, हा 16 पौंड दाखवून वजा केला. राहिले 20. म्हणजे मालतीबाईंनी 20 पौंड भरायचे, कौन्सिलने 304.

या मर्यादा 2010 पासून जागच्या जागी आहेत. महागाई वाढत गेली तसे दरवर्षी थोडे थोडे लोक वरच्या मर्यादेपलीकडे ढकलले जातात, कुणी काही निर्णय न घेताच. माणसाने आयुष्यभरात काळजीवर 86,000 पौंडांपेक्षा जास्त खर्च करू नये, अशी कमाल मर्यादा आणायचं ठरलं होतं. ती आधी ऑक्टोबर 2023, मग ऑक्टोबर 2025 वर गेली, आणि जुलै 2024 मध्ये नव्या सरकारने ती योजनाच रद्द केली.

6. पैसे हाती आले की माणूस मालक होतो

बजेट ठरलं म्हणजे पैसे खात्यात जमा झाले असं नाही. तीन वाटा असतात. कौन्सिलनेच त्या रकमेतून सेवा लावून द्यायची. एखाद्या संस्थेकडे रक्कम सोपवून तिच्याशी आपल्या सोयीने वेळापत्रक ठरवायचं. किंवा डायरेक्ट पेमेंट घ्यायचं. तिन्हींची सरमिसळही चालते. घरी राहून दीर्घकाळ मदत घेणाऱ्यांपैकी साधारण चौथा भागच डायरेक्ट पेमेंट घेतो, आणि वृद्धांमध्ये हे प्रमाण त्याहून बरंच कमी आहे.

कारण उघड आहे. आपल्याकडे ब्यूरोला फोन केला की मावशी येतात, महिन्याला रोख पैसे हातावर ठेवले की संपलं. तिथे डायरेक्ट पेमेंटमधून मदतनीस नेमली की माणूस कायद्याने मालक होतो. कर खात्यात नोंदणी, पगाराची पावती, किमान वेतन (एप्रिल 2025 मध्ये ते 21 आणि त्यापुढच्या वयाच्यांना तासाला 12.21 पौंड होतं), वर्षाला 5.6 आठवडे भरपगारी रजा, ठरावीक मर्यादेपुढे पेन्शन, आणि मालकाच्या जबाबदारीचा विमा. पैशांसाठी वेगळं बँक खातं किंवा कौन्सिलचं कार्ड. टाइमशीट, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवायचं. एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याला, बायकोला किंवा जवळच्या नातेवाइकाला या पैशांतून पगार देता येत नाही. कौन्सिलला आवश्यक वाटलं तरच अपवाद होतो.

एवढी यातायात करून मिळतं काय? वेळ आणि माणूस, दोन्ही आपल्या निवडीचं. मालतीबाईंना मराठी समजणारी, थालीपीठ करून देणारी, संध्याकाळी साडेसातलाच झोपवायची घाई न करणारी बाई नेमता येते. विसर पडू लागलेल्या माणसाच्या बाबतीत ही चैन नसते. इंग्रजी आधी विसरतं, मातृभाषा मागे उरते, असं अनेकांच्या बाबतीत घडतं. पैशांचंही पाहा. रजा, विमा सगळं धरून मदतनिसाचा तास 17 पौंडांना पडला, तर 324 पौंडांत साडेतेराऐवजी 19 तास होतात. अट एवढीच, की कौन्सिलने संस्थेच्या दराने पैसे दिले पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी डायरेक्ट पेमेंटचा दर मुळातच कमी ठेवतात. तो 18 पौंड असेल तर रक्कम होते 243, आणि तास होतात जेमतेम 14. मालकपणाची दगदग मालतीबाईंकडे आणि बचत कौन्सिलकडे, असा हा व्यवहार होतो.

7. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: लोक पैसे उडवतील. यावर उत्तर दोन टप्प्यांचं आहे. पहिल्या रकमेपासून सहा महिन्यांच्या आत आणि नंतर किमान वर्षातून एकदा कौन्सिलला हिशेब तपासावाच लागतो, आणि आराखड्याबाहेर खर्च केलेला पैसा परत मागता येतो. पण याहून बोलकं उदाहरण नेदरलँड्सचं आहे. तिथे 1995 पासून अशी रोख बजेटं आहेत. तिथे गैरव्यवहार गाजले, आणि त्यांत मध्यस्थांचा मोठा हात होता: लोकांच्या वतीने अर्ज करून पैसे स्वतःकडे वळवणाऱ्या दलाल संस्था. 2015 मध्ये सरकारने पैसे लोकांच्या खात्यात देणं बंद केलं आणि एका सरकारी सामाजिक विमा संस्थेमार्फत थेट काळजी घेणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. चोरीला आळा घालायला हवा होता हे खरं, पण सुरुवातीच्या महिन्यांत हजारो मदतनिसांचे पगार अडकले. देखरेख हवी, पण तिचा नेम मध्यस्थावर असावा. बिछान्यात पडलेल्या माणसाची पावती-पावती तपासून दलाल सापडत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे सगळं कपातीवरचं गोंडस पांघरूण आहे. याला नुसतं ‘नाही’ म्हणता येत नाही. तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी 1988 पासून चालणारा ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ 30 जून 2015 रोजी बंद झाला आणि जबाबदारी कौन्सिलांवर आली. ऑक्सफर्डशरमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या, चाकाच्या खुर्चीत असणाऱ्या आणि दृष्टिहीन अशा एका माणसाचं बजेट त्यानंतर आठवड्याला 1,651 पौंडांवरून 950 वर आणलं गेलं. कौन्सिलचं म्हणणं, त्याने अधिक तास एकटं राहावं आणि मदतनिसांना कमी दर द्यावा. 2017 मध्ये अपील न्यायालयाने त्याचं अपील फेटाळलं. इथे क्रम उलटा झाल्याची सगळी लक्षणं दिसतात: आधी रक्कम आटली, मग एकटेपणा ‘जमण्यासारखा’ ठरला. पण याचा दोष बजेटच्या कल्पनेवर टाकणं चुकीचं ठरेल. तोच पैसा कौन्सिलने स्वतः सेवा देण्यावर खर्च केला असता, तर तिथेही तास कापले गेले असते, फक्त कुणाला 1,651 आणि 950 हे दोन आकडे शेजारी ठेवून दिसले नसते. कपात लपवण्यासाठी आकडा वापरता येतो, तसाच तो कपात उघडी पाडायलाही वापरता येतो.

तिसरा आक्षेप: म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात हे लोढणं कशाला? पुरावा या आक्षेपाच्या बाजूने आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. 2005 ते 2007 या काळात इंग्लंडातल्या 13 कौन्सिलांत अशा बजेटांचा प्रयोग झाला. 2008 मध्ये त्याचं स्वतंत्र मूल्यमापन आलं. मानसिक आजार असलेल्यांना आयुष्य सुधारल्यासारखं वाटलं, शारीरिक अपंग माणसं सेवेबद्दल अधिक समाधानी होती, बौद्धिक अक्षमता असलेल्यांना आपल्या दिवसावर जास्त ताबा आहे असं वाटलं. वृद्धांचं मनःस्वास्थ्य मात्र तुलनेने खालावलेलं दिसलं. अनेकांना ही व्यवस्था आणखी एक काळजी वाटली. यातून निष्कर्ष एवढाच निघतो की बजेट सर्वांना द्यावं, पण पैसा हाती घेण्याची सक्ती कोणावर करू नये, आणि पगार-करांची कामं सांभाळणारी मदत सोबत द्यावी. कायदा आज हेच म्हणतो. तरी मार्च 2016 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवलं की सुमारे 5 लाख लोकांना पर्सनल बजेट मिळत असूनही, ज्या कौन्सिलांत त्यांचं प्रमाण जास्त आहे तिथे एकूण निकाल जास्त चांगले आहेत असं आकड्यांतून दिसत नाही. कागदावर बजेट असणं आणि निवड करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून कळतं.

निवडीला लागणारी आणखी एक गोष्ट म्हणजे माणसं. 2021-22 मध्ये इंग्लंडच्या सोशल केअरमध्ये सुमारे 1 लाख 65 हजार जागा रिकाम्या होत्या. त्या भरायला फेब्रुवारी 2022 मध्ये व्हिसाचं दार उघडलं, आणि भारतातून अनेकजण या कामासाठी गेले. पण त्या व्हिसावर माणूस आणायचा अधिकार संस्थांना होता. डायरेक्ट पेमेंट घेणाऱ्या एकट्या माणसाला नव्हता. जुलै 2025 मध्ये परदेशातून नव्याने भरतीचं ते दारही बंद झालं. हातात पुरेसे पैसे आणि निवडायला कोणीच नाही, असा पेच त्यामुळे अनेक ठिकाणी येतो.

8. मग यातून काय घ्यायचं?

तीन गोष्टी एकत्र असल्या तरच पर्सनल बजेट काम करतं, असं या सगळ्या पुराव्यावरून म्हणता येतं: गरज आधी आणि नेमक्या शब्दांत नोंदलेली, रक्कम त्या गरजेला पुरणारी, आणि त्या रकमेत मिळतील अशी माणसं व हिशेबाला मदत. पहिली नसेल तर कुणाशी भांडायचं हेच कळत नाही. दुसरी नसेल तर निवड नावापुरती उरते. तिसरी नसेल तर पैसा खात्यात पडून राहतो. वापरलाच नाही म्हणून कौन्सिल तो परत घेते आणि पुढच्या वर्षी ‘गरज एवढीच होती’ असं लिहिलं जाण्याची भीती असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचं वाटेल, कारण आपल्याकडची मदत बहुतेक ठरावीक मासिक अनुदानाच्या स्वरूपात येते: संजय गांधी निराधार योजना असो वा श्रावणबाळ योजना, माणसाला रोज किती तास आधार लागतो याच्याशी रकमेचा संबंध नसतो. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 38 व्या कलमात, ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधार लागतो त्यांना तो मागण्याचा, आणि मंडळाकडून त्याची तपासणी करून घेण्याचा, मार्ग ठेवला आहे. म्हणजे गरज मोजायची, ही कल्पना आपल्याही कायद्यात आलेली आहे. ती प्रत्यक्षात उतरवायची वेळ येईल तेव्हा ‘महिन्याला किती देणार?’ या प्रश्नावरच चर्चा संपू देऊ नये. आधी पाहणीच्या कागदावर काय लिहिलं आहे ते वाचून घ्यावं, चुकलं असेल तर दुरुस्त करायला लावावं, आणि मगच आकड्याकडे वळावं.